भाड्याच्या घराचा जमाखर्च

गेल्या उन्हाळ्यात आमचे एक शिक्षकस्नेही सेवानिवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि आयुष्यभराची शिल्लक मिळून त्यांच्या हाती वीस-बावीस लाख रुपये आले. पैसा हाती आल्याबरोबर सल्लागारही आले, आणि वरवट बकालच्या रस्त्यावर भेटेल त्याने त्यांस एकच गोष्ट सांगितली: 'गुरुजी, रस्त्याला प्लॉट घ्या, खाली दोन गाळे काढा, वर दोन बिऱ्हाडे ठेवा, आणि बसल्या जागी भाडे खा.' गुरुजी आमच्याकडे आले ते सल्ला घेण्यास नव्हेत. बांधकामाचा विचार त्यांनी जवळजवळ पक्का केलेला होता, आणि त्यांना हवी होती ती केवळ आमची मान डोलावणी. त्यांचे आणि आमचे त्या संध्याकाळी जे बोलणे झाले तेच आज श्रोत्यांपुढे थोडे विस्ताराने मांडावे असा आमचा विचार आहे.

आरंभीच सांगितलेले बरे की, घर भाड्याने देण्याचा धंदा वाईट असे आमचे मत नाही. आमच्या स्वतःच्या दोन खोल्या कित्येक वर्षे भाड्याने होत्या. आमचे म्हणणे इतकेच की, किराणा दुकानदार साखरेच्या पोत्याचा जेवढा हिशोब करतो, तेवढासुद्धा हिशोब लोक वीस लाखांच्या इमारतीचा करीत नाहीत. 'बकाल' या शब्दाचा एक जुना अर्थ धान्य-किराण्याचा व्यापारी असा आहे. आमच्या गावाचे नाव त्यावरूनच पडले असा दावा आम्ही करणार नाही. परंतु ज्या गावाच्या नावात हा शब्द आहे त्या गावाने तरी वही उघडल्याशिवाय माल घेऊ नये.

गुरुजींचा हिशोब असा होता. प्लॉट सहा लाखांचा, बांधकाम चौदा लाखांचे, एकूण वीस लाख. दोन गाळ्यांचे दरमहा प्रत्येकी चार हजार आणि वरच्या दोन बिऱ्हाडांचे प्रत्येकी तीन हजार, म्हणजे महिन्याचे चौदा हजार आणि वर्षाचे १,६८,०००. वीस लाखांवर हे उत्पन्न शेकडा ८.४ पडते. बँक सात देते, घर ८.४ देते, मग विचार कसला करावयाचा? (हे आकडे हिशोबापुरते धरलेले आहेत. गावातील चालू भाव ज्याचे त्याने विचारून घ्यावेत. बँकेचे आणि पोस्टाचे व्याजदरही बदलत असतात, सबब सात हा आकडाही आम्ही सोयीसाठी धरला आहे.)

या हिशोबात पहिली चूक भांडवलाची आहे. सहा लाखांचा प्लॉट सहा लाखांत कधीच मिळत नाही. मुद्रांक, नोंदणी आणि लेखणावळ मिळून आपण चाळीस हजार धरू. त्यानंतर प्रश्न येतो तो जमिनीचा. पूर्णेच्या खोऱ्यातील आपली काळी माती कापसाची माय आहे, पण भिंतीची ती वैरीण आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घेऊन बांधलेले घर दरवर्षी थोडे वर उचलले जाते, थोडे खाली बसते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. म्हणून येथे पाया खोल न्यावा लागतो, काळी माती उपसून मुरूम भरावा लागतो, जोत्याला सळई घालून पट्टा द्यावा लागतो. आमच्या दोन खोल्यांच्या वेळी एका ठेकेदाराने हा खर्च वाचवून दाखविला आणि आम्हीही खूष झालो. पुढे त्या चिरा बुजविण्यात जे गेले, त्यात पाया दोनदा झाला असता. तेव्हा पायाचे १,२०,००० जास्त धरणे हा शहाणपणाचा भाग आहे.

पाण्याचेही तसेच आहे. आपल्या तालुक्याचा बराच मुलूख खारपाणपट्ट्यात मोडतो. विंधन विहीर घेतली म्हणजे पाणी लागेल, पण ते तोंडात धरवेल की नाही हे देवास ठाऊक. खारे पाणी बांधकामात वापरले तर विटेला लोणा लागतो, गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, नळाच्या लोखंडी जोडण्या गंजून जातात. गोड पाण्याची सोय नसलेल्या बिऱ्हाडात नोकरदार मनुष्य राहत नाही, राहिला तर भाडे पाडून मागतो. नळजोडणी, टाकी, पंप आणि विजेचे चार वेगळे मीटर यांचे साठ हजार धरू.

यानंतर जो खर्च येतो तो कोणीच लिहून ठेवीत नाही, कारण तो खिशातून जाताना दिसत नाही. प्लॉट घेतल्यापासून पहिले भाडे हाती येईपर्यंत एक वर्ष सहज जाते. त्या वर्षात प्लॉटमध्ये अडकलेले ६,४०,००० आणि टप्प्याटप्प्याने बांधकामात गेलेले १५,८०,००० यांचे व्याज बुडते. पहिल्या रकमेवर वर्षभराचे सात टक्क्यांनी ४४,८००. दुसरी रक्कम हळूहळू गेली म्हणून निम्म्या रकमेवर धरले तर ५५,३००. मिळून लाख रुपये झाले. म्हणजे सहा लाख, चाळीस हजार, चौदा लाख, एक लाख वीस हजार, साठ हजार आणि हे एक लाख, एकूण २३,२०,०००. गुरुजींचे वीस लाखांचे घर भाडेकरूने कुलूप उघडण्यापूर्वीच तेवीस लाख वीस हजारांचे झाले होते.

आता उत्पन्नाकडे वळू. चौदा हजार गुणिले बारा हे गणित शाळेत बरोबर आहे. घरमालकाच्या वहीत ते चूक आहे. भाडेकरू जातो आणि नवा येतो यांच्या मध्ये जागा रिकामी राहते, रंगरंगोटी होते, पोळ्यानंतर येतो म्हणणारा दसऱ्याला येतो. प्रत्येक जागा वर्षातून एक महिना रिकामी धरली तर चौदा हजार गेले. चार हजार बुडीत धरू, कारण शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे 'अनामतीतून वळते करा' म्हणून सांगणारा आणि विजेचे बिल मागे ठेवून जाणारा मनुष्य कधी ना कधी भेटतोच. राहिले १,५०,०००. अनामत रक्कम उत्पन्नात धरू नये हे वेगळे सांगावयास हवे काय? परंतु ती धरणारे आम्ही पाहिले आहेत. अनामत हे कर्ज आहे. ते परत करण्याचा दिवस ठरलेला नसतो, एवढाच त्यात आणि दुसऱ्या कर्जात फरक.

येथे थोडे थांबून भाडेकरूंविषयी बोलले पाहिजे, कारण या भागात भाड्याचे सगळे मर्म त्यातच आहे. शेगाव, जळगाव जामोद, तेल्हारा आणि संग्रामपूर या बाजूंचे रस्ते वरवट बकालला एकत्र येतात; भोवतालच्या खेड्यांतील माणूस येथे उतरतो, खत-बियाणे घेतो, चहा पितो, औषध घेतो आणि पुढच्या गाडीला बसतो. येथील गाळ्याला किंमत आहे ती या वर्दळीमुळे. पण ही वर्दळ कापूस आणि सोयाबीन यांच्या पैशावर चालते. कृषी केंद्राची उधारी कापूस विकल्यावर वसूल होते, कपड्याचा दुकानदार त्याच हंगामाची वाट पाहतो, आणि हॉटेलवाल्याचा गल्लाही तेव्हाच भरतो. सबब चार वेगवेगळ्या धंद्यांना चार गाळे दिले म्हणजे धोका विभागला गेला, ही समजूत पुण्या-मुंबईस खरी असेल. आमच्याकडे पावसाने दगा दिला की चारही गाळ्यांचे भाडे एकदमच थकते. याच्या उलट शिक्षक, तलाठी, बँकेतला कारकून यांचे बिऱ्हाड कमी भाडे देते, पण दुष्काळातही देते. त्यांची बदली होते हे खरे. पण ती बहुधा उन्हाळ्यात होते आणि तिची चाहूल आधी लागते. गाळ्याचे चार हजार आणि नोकरदार बिऱ्हाडाचे तीन हजार यांत जास्त कोणते, याचे उत्तर आम्ही तरी चटकन देणार नाही.

खर्चाची बाजू थोडक्यात सांगतो. घरपट्टी, दिवाबत्ती, सफाई आणि पाणीपट्टीचा मालकाकडचा भाग मिळून सहा हजार. दुरुस्तीला बांधकामाच्या खर्चाच्या शेकडा एक, म्हणजे सुमारे सोळा हजार. हे दरवर्षी लागणार नाहीत. पाच वर्षे काहीच लागणार नाही आणि सहाव्या वर्षी गच्ची गळू लागली की ऐंशी हजार एकदम लागतील. म्हणूनच दरसाल बाजूला टाकावयाचे. विमा दोन हजार, जिन्यातला दिवा, पंप आणि झाडझूड सहा हजार, करारनामे व जाणे-येणे चार हजार. एकूण चौतीस हजार. दीड लाखातून ते वजा जाता हाती राहिले १,१६,०००. तेवीस लाख वीस हजारांवर हे उत्पन्न शेकडा बरोबर पाच पडते.

गुरुजी म्हणाले, 'ठीक आहे, ८.४ नाही तर पाच.' आम्ही त्यांस म्हणालो, अजून एक पायरी उतरावयाची आहे. जमीन झिजत नाही, इमारत झिजते. पंधरा लाख ऐंशी हजारांचे बांधकाम पन्नास वर्षे टिकेल असे मानले तर वर्षाला ३१,६०० रुपयांची इमारत आपण भाडेकरूस फुकट देत असतो. तो घसारा वजा केला म्हणजे ८४,४०० राहतात, आणि उत्पन्न शेकडा ३.६ वर येते. आणि एखाद्या वर्षी एकच गाळा बारा महिने रिकामा राहिला तर? एका महिन्याची सूट आपण आधीच दिली आहे. आणखी ४४,००० गेले. घरपट्टी त्यामुळे कमी होत नाही, गच्ची त्यामुळे कमी गळत नाही. हातचे पाच टक्के तीनवर आले, आणि घसारा तर अजून वजा करावयाचाच आहे.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल की, वक्ते बँकेची वकिली करीत आहेत. तसे नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बँकेचे व्याज आज सात टक्के मिळाले तर मुदत संपेपर्यंत सातच राहते, आणि मुद्दल जसेच्या तसे परत येते तेव्हा त्याची खरेदी कमी झालेली असते. भाडे वाढते. निव्वळ भाडे दरसाल पाच टक्के वाढत गेले तर आजचे पाच सात वर्षांनी मूळ भांडवलावर सातच्या वर जाते. शिवाय प्लॉटची किंमत वाढते. सहा लाखांचा प्लॉट सहा टक्क्यांनी वाढला तर वर्षाचे छत्तीस हजार झाले. मात्र हे छत्तीस हजार दवाखान्याच्या बिलाला उपयोगी पडत नाहीत, हे निवृत्त माणसाने विसरू नये. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत राहत्या घराचे भाडे किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच असते. तेथे घेणारा भाड्यासाठी घेतच नाही, भाव वाढेल या आशेवर घेतो. ती आशा हा वेगळा धंदा आहे. आपल्याकडेही अकोला-खंडवा मार्ग रुंद होताना मेळघाटाबाहेरून, सोनाळा-जामोदच्या अंगाने जावा अशी चर्चा बरीच वर्षे झाली, आणि खामगाव-जालना रेल्वेची मागणी तर आजोबांपासून ऐकू येते. रेल्वे येईल तेव्हा येईल. तिच्या भरवशावर आज प्लॉटला जास्त पैसे मोजणाऱ्याने आपण भाड्याचा हिशोब करीत नाही एवढे तरी स्वतःशी कबूल करावे.

भाडे वाढते असे आम्ही म्हणालो, पण ते वाढू दिले गेले तर. आपल्या महाराष्ट्राने याचा मोठा धडा पाहिलेला आहे. मुंबई इलाख्यात १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळात बेघर माणसाला आसरा मिळावा हा त्यातला हेतू चांगलाच होता. परंतु भाडे थांबले आणि चुना, लाकूड, गवंडी यांचे दर थांबले नाहीत. चाळीच्या मालकाला एका खोलीच्या वर्षाच्या भाड्यात त्या खोलीचे छत दुरुस्त करता येईना. मग त्याने दुरुस्तीच सोडून दिली. इमारती पडू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून हे काम सरकारला अंगावर घ्यावे लागले. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हे गोठविलेले प्रमाण भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे, असे मत दिले. आपल्या विदर्भात वेगळा, १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा आदेश लागू होता. त्याप्रमाणे भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वीच भाडेनियंत्रकाची परवानगी काढावी लागे. हे सर्व जाऊन ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलात आला. त्यात दरसाल चार टक्के भाडेवाढीची मुभा आहे, आणि करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. हा कायदा कोणत्या गावांना लागू आहे ते त्याच्या परिशिष्टांत दिलेले असते, ते पाहून घ्यावे. पण लागू असो वा नसो, करार तोंडी ठेवू नये. 'आपलाच माणूस आहे' म्हणून ज्याच्याशी करार केला नाही, त्या आपल्या माणसाशी पुढे कोर्टात बोलण्याची पाळी आलेले लोक या सभेतही असतील.

कर्जाविषयी दोन शब्द. निम्मे पैसे घालू, निम्मे बँकेचे घेऊ आणि भाड्यातून हप्ते फेडू, हा बेत तरुण मंडळींना फार आवडतो. दहा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,७४६ रुपये येतो. वर्षाचे जवळपास १,२९,०००. निव्वळ भाडे १,१६,०००. म्हणजे तेरा हजार दरवर्षी घरातून घालावे लागतील, आणि तेही सर्व गाळे भरलेले असतील तेव्हा. पहिल्या वर्षी भरलेल्या रकमेत ९८ हजारांहून अधिक व्याज असते आणि मुद्दल फिटते ते तीस हजारांचे. जे पाच टक्के देते त्यासाठी दहा टक्क्यांनी पैसा उचलणे हा धंदा फक्त भाव वाढण्याच्या भरवशावर उभा राहतो. आयकरात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा जाते, उरलेल्याच्या तीस टक्के रक्कम खर्च दाखविल्याशिवाय सोडून मिळते, आणि भाड्याच्या घरावरील कर्जाचे व्याजही वजा धरतात. ही सवलत खरी आहे. पण ज्याचे उत्पन्न मुळात कराच्या मर्यादेखाली आहे त्या निवृत्त माणसाला सवलतीचे कौतुक काय सांगावे?

गुरुजींनी मग सरळच विचारले, 'बांधू की नको?' आम्ही त्यांस उलटा हिशोब करून दाखविला. निव्वळ भाडे १,१६,००० येणार असेल आणि आपल्याला सात टक्के हवे असतील, तर त्या मालमत्तेत आपण साडेसोळा लाखांपर्यंतच पैसा घालावा. तेवीसच घालणे भाग असेल, तर दरमहाचे भाडे चौदा हजार नव्हे, अठरा हजारांच्या वर मिळाले पाहिजे. यांपैकी काही शक्य आहे का, हे दलालास न विचारता भाडेकरूंस विचारा. गुरुजी आठ दिवस फिरले. दुकानात बसले, चहा पाजला, आणि कोण प्रत्यक्ष किती देतो, किती दिवसांनी देतो हे शिक्षकी चिकाटीने वहीत उतरवून आणले. वरच्या बिऱ्हाडाला तीन हजार देणारा एकही निघाला नाही. अडीच हजारांचे तीन निघाले.

त्यांच्या वाड्याची एक पडवी रस्त्याच्या बाजूस होती, तिच्यात मोडकी डवरणी आणि जुने पत्रे पडलेले असत. ती जागाही फुकटची नव्हे, विकली असती तर तिचे पैसे आले असते. पण वडिलांचा वाडा गुरुजी विकणार नव्हते, तेव्हा त्या जागेची किंमत हिशोबात धरण्याचा आग्रह आम्ही सोडला. तीन लाखांत पडवीचा एक गाळा निघाला. भाडे तीन हजार ठरले. वर्षाचे छत्तीस हजार, त्यातून एक महिन्याची रिकामी जागा आणि पाच हजारांचा खर्च वजा जाता अठ्ठावीस हजार, म्हणजे शेकडा ९.३. बाकीची रक्कम त्यांनी पोस्टात आणि बँकेत विभागून ठेवली. गाळ्यात सध्या एक शिंपी बसतो. करार नोंदविलेला आहे. वहीच्या पहिल्या पानावर गुरुजींनी कुलूप, साखळी आणि पाटी रंगविण्याचे दोनशे साठ रुपये खर्ची टाकले आहेत, आणि शिंप्याने पहिल्या महिन्याचे भाडे चार दिवस उशिरा दिले हेही शेजारी लिहिले आहे.